बालकाची पहिली तीन वर्षे : वाट किती पाहायची?

मूल केव्हा बसले, केव्हा चालले, केव्हा बोलले, हा आपल्या घराघरांतला कौतुकाचा विषय असतो. ‘आमचं पोरगं दहाव्या महिन्यात चालत होतं’ असे एक आजी सांगते आणि शेजारच्या घरातल्या सुनेच्या जिवाला घोर लागतो. कारण तिचे मूल तेरावा महिना सरला तरी भिंत सोडत नाही. दुसऱ्या घरी नेमके उलट. मुलगा अडीच वर्षांचा झाला, तोंडातून एक शब्द निघत नाही. पण घरातले निर्धास्त. ‘याचा बापही उशिराच बोलला, बोलेल सावकाश,’ असे म्हणून विषय संपतो. पहिल्या घरात कारण नसताना काळजी आहे. दुसऱ्या घरात कारण असताना काळजी नाही.

दोन्हीकडे उणीव एकच आहे. मुलाने साधारण कोणत्या वयात काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती काळ वाट पाहावी व कोठे वाट पाहणे थांबवावे, हे आपल्याला ठाऊक नसते. आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. पण बँकेच्या खिडकीत बसून एवढे कळते की, ज्याला मुदतीची तारीख माहीत असते तो वेळेवर येतो. ज्याला माहीत नसते त्याची मुदत उलटून जाते आणि मग हळहळ उरते. मुलांच्या बाबतीतही अशा काही मुदती आहेत. त्यांची ओळख संस्थेच्या सभासदांना व विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाढ आणि विकास

वाढ आणि विकास हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात ते वेगळे आहेत. वजन, उंची, डोक्याचा घेर ही झाली वाढ. ती काट्यावर आणि टेपने मोजता येते. मूल काय करू शकते, काय समजू शकते, माणसांशी कसे वागते, हा झाला विकास. वजन चांगले असलेले मूल विकासात मागे असू शकते. म्हणून अंगणवाडीत वजन झाले, काम संपले, असे समजू नये.

पहिल्या तीन वर्षांना एवढे महत्त्व का, हे डोक्याच्या घेरावरून सहज कळते. जन्माच्या वेळी मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ सें. मी. असतो. वर्षाच्या आत तो ४५ ते ४६ सें. मी. होतो. त्यापुढच्या अख्ख्या वर्षात मात्र त्यात दोन-सव्वादोन सेंटिमीटरचीच भर पडते. दुसरे वर्ष पुरे होईपर्यंत मेंदूचा आकार प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. म्हणजे घराचा पाया भरण्याचा काळ हाच. या काळात मुलाला जे दिसते, ऐकू येते, हाताळायला मिळते, त्यावर मेंदूतील पेशींची जोडणी घट्ट होत जाते.

विकासाच्या सोयीसाठी चार शाखा करतात. पहिली, शरीराची मोठी हालचाल : बसणे, उभे राहणे, चालणे, पळणे. दुसरी, हाताबोटांची कामे : पकडणे, उचलणे, रेघोट्या ओढणे. तिसरी, ऐकणे व बोलणे. चौथी, समज व माणसांशी नाते : ओळखणे, हसणे, अनुकरण करणे, हट्ट करणे. चारही शाखा एकाच वेळी सारख्या वाढत नाहीत. चालायला शिकण्याच्या धडपडीत असलेल्या मुलाचे बोलणे काही आठवडे जागच्या जागी राहते, हे कितीतरी घरांत दिसते.

वयानुसार टप्पे

पुढील टप्पे सर्वसाधारण आहेत. बहुतेक मुले त्या त्या वयापर्यंत तेथे पोचलेली असतात.

१. एक वर्ष : धरून उभे राहते, भिंतीला किंवा बाजेला धरून पावले टाकते. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत चुरमुरा उचलते. नावाने हाक मारली की वळून पाहते. हात हलवून ‘टाटा’ करते. डोळ्यांदेखत फडक्याखाली लपवलेली वस्तू शोधते. एखादा अर्थ असलेला शब्द बोलते.

२. दीड वर्ष : कोणाचाही आधार न घेता चालते. पाच-सहा शब्द तरी बोलते. हवी ती वस्तू बोटाने दाखवते. तसेच आकाशातला पक्षी, रस्त्यावरचा ट्रॅक्टर ‘तू पण बघ’ म्हणून दाखवते. ‘चेंडू दे’, ‘इकडे ये’ अशी साधी सूचना समजते. हाताने घास तोंडात घालते.

३. दोन वर्षे : पळते, चेंडूला पाय मारते. दोन शब्द जोडते : ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’. सुमारे पन्नास शब्द त्याच्याजवळ असतात. नाक, कान, डोळे विचारले की दाखवते. आईचे पाहून झाडू घेऊन झाडायला लागते, आजोबांची काठी घेऊन चालते.

४. तीन वर्षे : एकेक पाय टाकत जिना चढते. तीन-चार शब्दांचे वाक्य बोलते आणि त्याचे बोलणे परक्या माणसालाही बरेचसे कळते. स्वतःचे नाव सांगते. पाहून गोल काढू लागते. इतर मुलांत मिसळून खेळते. बहुतेक मुले दिवसा शी-शू लागल्याचे सांगतात.

मूल दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले असेल तर हिशेब थोडा बदलतो. दोन महिने आधी जन्मलेल्या मुलाच्या वयातून ते दोन महिने वजा करून मग टप्पा पाहावा. दोन वर्षांचे होईपर्यंत ही वजाबाकी करण्याची रीत आहे.

पल्ला असतो, शर्यत नसते

मुलांची तुलना का करू नये, याला आता पक्का आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांची नियमित पाहणी केली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आधाराशिवाय चालण्याचा पल्ला ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत निघाला. आधाराशिवाय बसण्याचा पल्ला ३.८ ते ९.२ महिने निघाला. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे, दोन्ही मुले निरोगी असू शकतात. आणखी एक गोष्ट आढळली. शंभरातील सुमारे चार मुले गुडघ्या-हातांवर रांगलीच नाहीत. थेट पुढच्या टप्प्यावर गेली. ‘रांगलं नाही, आता कसं व्हायचं’ म्हणून धास्तावणाऱ्या आयांना हे अवश्य सांगावे.

आपल्या देशातील मुलांसाठीही असे काम झालेले आहे आणि त्यात एका मराठी आडनावाच्या विदुषीचा मोठा वाटा आहे. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांच्या विकासाची मोजपट्टी तयार केली. १ ते ३० महिने वयाच्या मुलांसाठी असलेल्या या मोजपट्टीत हालचालींच्या ६७ आणि समज-भाषेच्या १६३ बाबी आहेत. तिची सुधारित आवृत्ती १९९० च्या दशकात निघाली. डॉक्टर मुलाला चेंडू, वाटी, ठोकळे देऊन काय पाहतात, असा प्रश्न पालकांना पडतो. त्यामागे असा अभ्यास असतो.

पल्ला रुंद आहे हे खरे. पण त्याला शेवट आहे हेही तितकेच खरे. आपण पहिले वाक्य ऐकतो आणि दुसरे विसरतो.

येथे वाट पाहणे थांबवावे

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी मूल डॉक्टरांना दाखवावे. याचा अर्थ मुलाला आजार आहेच असा नव्हे. तपासणीची मुदत आली, एवढाच आहे.

१. एक वर्ष झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, हातवारे करत नाही.

२. दीड वर्ष झाले तरी स्वतः चालत नाही, किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नाही, किंवा बोटाने काही दाखवत नाही.

३. दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडत नाही.

४. पहिल्या वर्षाच्या आतच सतत एकच हात वापरते, दुसरा हात मुठीत आवळलेला राहतो. अंग फार ताठ किंवा फार सैल वाटते. चालू लागल्यावर नेहमी चवड्यांवरच चालते.

५. नजरेला नजर देत नाही, आपल्याच नादात असते, माणसांपेक्षा वस्तूंतच रमते.

६. डोळ्यात तिरळेपणा किंवा बाहुलीत पांढरेपणा दिसतो, झटके येतात.

७. येत असलेली गोष्ट जाते. बोलणारे मूल बोलायचे थांबते, चालणारे चालायचे थांबते. ही खूण कोणत्याही वयात दिसली तरी एक दिवसही थांबू नये.

न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत पहिली तपासणी कानांची व्हावी. ज्याला ऐकू येत नाही ते मूलही पहिले काही महिने हुंकारते, हसते, आवाज काढते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पाठीमागे थाळी वाजवून मुलाने पाहिले म्हणजे कान ठीक, ही घरगुती परीक्षा फसवी आहे. मूल सावली पाहून किंवा जमिनीची थरथर जाणवूनही वळते. रुग्णालयातील यंत्रावरची तपासणी काही मिनिटांची असते आणि ती तान्ह्या मुलाचीही होते. ऐकण्याचा दोष पहिल्या वर्षात कळला व श्रवणयंत्र मिळाले तर मूल बोलायला शिकण्याची शक्यता पुष्कळ असते. चौथ्या-पाचव्या वर्षी कळला तर भाषा शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ निघून गेलेला असतो. ‘बोलेल सावकाश’ या वाक्याची किंमत मूल भरते, ती अशी.

घरात दोन भाषा बोलल्या जातात म्हणून मूल मागे राहते, हा मात्र गैरसमज आहे. आपल्या भागातील तांड्यांवर घरात गोरबोली आणि बाहेर मराठी चालते. मुले दोन्ही भाषा उचलतात. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत.

पालकांनी काय करावे?

विकासाला मदत करण्यासाठी महागड्या खेळण्यांची गरज आहे, असा समज जाहिरातींनी करून दिला आहे. त्याला उत्तर वेस्ट इंडीजमधील जमैका बेटाने दिले. तेथील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांतील काही घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा जाई, तासभर बसे, घरीच केलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे व कसे बोलावे हे आईला दाखवी. दोन वर्षे हे चालले. सुमारे वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई पाहिली, तेव्हा ज्यांच्या घरी अशी खेळाची भेट झाली नव्हती त्यांच्यापेक्षा ती २५ टक्के अधिक निघाली. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. मुळात गरीब आणि कुपोषित मुलांवर झालेला हा प्रयोग आहे. म्हणून तो आपल्या समाजाला अधिक जवळचा आहे.

बोलणे : मुलाशी दिवसभर बोलावे. भाकरी थापताना ‘हे पीठ, हे पाणी, आता गोळा केला’ असे सांगत जावे. मुलाने ‘पापा’ म्हणून पाण्याकडे बोट केले की ‘पाणी हवं? हे घे पाणी’ असे शुद्ध शब्दांत परत द्यावे. हसू नये आणि रागावूही नये. त्याने आवाज काढला की थांबावे, उत्तर द्यावे, पुन्हा त्याची वाट पाहावी. बोलणे ही देवाणघेवाण आहे हे मूल येथेच शिकते. ओव्या, बडबडगीते, टाळ्यांचे खेळ हे आपल्या आज्यांनी जपलेले भाषेचे पाठच आहेत.

खेळणे : मापटे, वाट्या, रिकामे डबे, झाकणे, चिंध्यांची बाहुली, ज्वारीच्या ताटांची बैलगाडी ही खेळणी पुरेशी आहेत. एकात एक वाटी घालणे, डब्यात वस्तू टाकून पुन्हा काढणे, यात मूल लहान-मोठे, आत-बाहेर शिकते. दोन वर्षांच्या मुलाला कणकेचा गोळा द्यावा, पाटीवर खडूने ओढू द्यावे. रेघोट्या म्हणजे अक्षरांची पूर्वतयारी. अक्षरे गिरवून घेण्याची घाई नको.

चालणे : मुलाला जमिनीवर मोकळे सोडावे. सतत कडेवर राहणाऱ्या मुलाला सराव मिळत नाही. आपला जुना लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभे राहून ढकलते, त्यात पायांना काम मिळते. आत बसवायचा चाकांचा वॉकर वेगळा. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पायरीवरून गडगडण्याचा व चुलीपर्यंत पोचण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

खाणे : मेंदूला लोह आणि प्रथिने लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. रक्त कमी असलेले मूल मलूल राहते, खेळत नाही. खेळत नाही म्हणून शिकत नाही. घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, पालेभाजी, अंडे, शेंगदाण्याचे बारीक कूट हे रोजच्या जेवणात असावे. आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध देण्याची सरकारी योजना आहे, त्याची आशाताईंकडे चौकशी करावी. भरवताना मुलाशी बोलावे, त्याला हाताने खाऊ द्यावे. सांडले तर सांडू द्यावे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र चार वर्षांपर्यंत देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात.

मोबाइल : रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल देणे सोपे झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की, दोन वर्षांच्या आतील मुलाला पडदा दाखवू नये आणि त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नको. मोबाइल बोलतो, पण मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही. देवाणघेवाण नाही, तेथे भाषा रुजत नाही.

हट्ट : दीड ते तीन वर्षांचे मूल हट्टी होते, लोळण घेते. ‘मी’ आणि ‘माझे’ समजू लागल्याची ही खूण आहे. पण मनातले सांगायला शब्द अपुरे पडतात, म्हणून अंग टाकते. मारून हट्ट दबतो, शब्द वाढत नाहीत. जवळ घ्यावे, ‘राग आला का?’ असे विचारून त्याला रागाचे नाव द्यावे, ‘लाल सदरा की निळा?’ असा छोटा निवडीचा हक्क द्यावा. आणि हे काम एकट्या आईचे नाही. कामावरून आलेल्या बापाने अर्धा तास मुलासोबत जमिनीवर बसावे. त्याला पैसे पडत नाहीत.

हंगाम आणि लहान मूल

अंकुशनगर म्हटले की समर्थ सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो. गळीत हंगाम लागला की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. आपल्याच जिल्ह्यातील कितीतरी जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको. मूल त्या हिशेबात कोठेच नसते. पण ते सोबत असतेच. पहाटे आई फडात जाते, आणि मूल पाचटावर, झोळीत किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते.

या मुलांची अडचण दुहेरी आहे. साधारण पाच-सहा महिने गावच्या अंगणवाडीतील वजन, लस, आहार सुटतो. आणि मुलाशी बोलायला, खेळायला मोठे माणूस जवळ नसते. दीड वर्षाची तपासणी नेमकी हंगामात आली की ती होतच नाही. गावी परतेपर्यंत मूल दोन वर्षांचे झालेले असते. ट्रॉली, कोयता, विहीर यांचे धोके वेगळेच.

अशा मुलांचा विचार महाराष्ट्राने पूर्वीच केलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांनी हे काम १९९२ सालापर्यंत, आपल्या अखेरपर्यंत चालवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, हे त्यामागचे सूत्र. फडावरच्या मुलाला आज याच सूत्राची गरज आहे.

आपल्या समाजाला या प्रश्नाचा आणखी एक धागा जवळचा आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. मातेला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची सक्तीही केली. पण ऊसतोड करणाऱ्या बाईचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, ती मुकादमाच्या टोळीत असते. कायद्याची सावली तिच्या झोळीपर्यंत क्वचितच पोचते.

कोठे जावे?

प्रत्येक मुलाचे माता व बाल संरक्षण कार्ड असते. ते घराचे पासबुक समजावे. त्यात लसींच्या तारखा, वजनाचा आलेख (मुलांचा निळा, मुलींचा गुलाबी) आणि विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले आहेत. बहुतेक घरांत त्या कार्डाचे लसीचे पान तेवढे उघडले जाते. विकासाचे पानही दर दोन-तीन महिन्यांनी उघडून खुणा कराव्यात.

आशाताई मुलाच्या ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यात घरी भेट देतात. त्या भेटीत मनातली शंका बोलून दाखवावी. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चारही गोष्टी ते तपासते. पथक येण्याचा दिवस सेविकेला आधी विचारून ठेवावा. पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय या कार्यक्रमात आहे. जालन्याचे जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, येथे बालरोग विभाग आहेत. ‘थांबा, येईल आपोआप’ असे कोणी सांगितले आणि आपले समाधान झाले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारण्यात संकोच करू नये. आईची शंका ही पहिली तपासणी असते.

हंगामाला जाणाऱ्या कुटुंबांनी कार्ड पिशवीत सोबत न्यावे. २०२१ सालापासून अंगणवाडीच्या नोंदी पोषण ट्रॅकरवर होतात व स्थलांतरित मुलाची नोंद दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत नेता येते. जेथे कोपी पडेल तेथील सेविकेला कार्ड दाखवून आहार, लस व तपासणी मागावी. तो मुलाचा हक्क आहे.

संस्थेला व विद्यार्थ्यांना विनंती

लेखाच्या शेवटी तीन सूचना मांडतो. पहिली : रविवारी विहारात जमणाऱ्या कुटुंबांपैकी ज्यांची मुले तीन वर्षांच्या आतील आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा कार्ड घेऊन यावे आणि दोघा-चौघा शिकलेल्या सभासदांनी विकासाचे पान त्यांच्यासोबत भरावे. दुसरी : घरोघरी पडून असलेली चित्रांची पुस्तके, ठोकळे, पाट्या गोळा करून एक पेटी करावी व हंगामात ती कोप्यांवर फिरवावी. तिसरी विद्यार्थी मित्रांसाठी : सुटीच्या दिवशी दोघांनी मिळून कोपीवर जावे आणि लहानग्यांना सांभाळणाऱ्या बहिणींना बडबडगीते, वाट्यांचे खेळ आणि बोलण्याची रीत दाखवावी. त्या बहिणीही शाळेच्या वयाच्या आहेत, हे ध्यानात ठेवून त्यांच्या शाळेचीही चौकशी करावी.

वजनाच्या काट्यावर न दिसणारी ही वाढ आहे. ती पाहायला डोळे आणि कान लागतात, आणि दीड वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे या मुदती लक्षात ठेवाव्या लागतात. ज्या घरात तीन वर्षांच्या आतले मूल आहे, त्या घराने आज रात्री कार्डाचे विकासाचे पान उघडावे. सगळ्या खुणा झाल्या तर आनंदच आहे. एखादी राहिली तर उद्या सकाळी अंगणवाडीत जावे.